अस्मारा : परक्यांनी उभारलेलं शहर जपायचं ते कोणासाठी आणि कसं?

वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "इरिट्रियाची राजधानी अस्मारा. तिथे मुसोलिनीच्या काळात इटालियनांनी बांधलेल्या इमारती 2017 पासून जागतिक वारसा आहेत. वंशभेदाच्या आराखड्यावर उभारलेलं शहर जपावं तरी का? आणि जपायचंच ठरलं, तर काम नेमकं सुरू कुठून होतं?"

माझं बहुतेक आयुष्य मुंबईतल्या 1930 आणि 40 च्या दशकांतल्या इमारती दुरुस्त करण्यात गेलं. अस्मारा मी पाहिली ती त्याच नजरेने, म्हणजे आधी वर कठड्याकडे, मग खाली भिंतीच्या पायाकडे आणि मधलं सगळं नंतर. तुमचे दोन प्रश्न मला वेगळे करता येत नाहीत. शहर कोणासाठी जपायचं हे ठरलं, की पहिला रुपया कुठे खर्च करायचा हे आपोआप ठरतं. माझं उत्तर असं : अस्मारा जपायची ती तिथे राहणाऱ्या इरिट्रियन माणसांची म्हणून. त्यामुळे काम दर्शनी भागाच्या रंगापासून सुरू होत नाही. ते छपरापासून, पन्हळीपासून आणि गवंड्यापासून सुरू होतं.

आधी शहर कसं घडलं ते थोडक्यात. पूर्व आफ्रिकेतलं, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,300 मीटर उंचीवरचं हे पठार. 1890 मध्ये इरिट्रिया इटलीची वसाहत झाली, आणि काही वर्षांनी राजधानी मसावा बंदराच्या उकाड्यातून वर अस्मारात आली. पहिली चाळीसेक वर्षं शहर रमतगमत वाढलं. 1935 मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला, अस्मारा त्या मोहिमेचा तळ बनली आणि सगळं पालटलं. इटलीहून माणसांचे लोंढे आले. 1939 च्या सुमारास शहराच्या साधारण 98,000 वस्तीत निम्म्याहून जास्त इटालियन होते. त्यांच्यासाठी सहा वर्षांत घरं, दुकानं, सिनेमागृहं, पेट्रोलपंप, कचेऱ्या, बाजार उभे राहिले. रोममध्ये किंवा मिलानमध्ये जुन्या शहराच्या दाटीत जे करून पाहता येत नव्हतं, ते वास्तुकारांना इथे मोकळ्या जागेवर करता आलं. जुजेप्पे पेत्तात्सीचा विमानाच्या आकाराचा 'फियात तालिएरो' पेट्रोलपंप 1938 चा, मारिओ मेस्सिनाचं 'सिनेमा इम्पेरो' 1937 चं.

ही बाजू सगळ्यांना ठाऊक असते, कारण छायाचित्रं तिचीच निघतात. दुसरी बाजू नकाशात आहे. ओदोआर्दो काव्हान्यारी याने पहिल्या महायुद्धाच्या आधी केलेल्या आराखड्यात शहराचे वंशानुसार भाग पाडले होते. युरोपियनांचा भाग वेगळा, संमिश्र वस्तीचा वेगळा, स्थानिकांचा वेगळा, कारखान्यांचा वेगळा. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात वंशविषयक कायदे आले आणि व्हित्तोरिओ काफिएरोच्या आराखड्याने ही विभागणी आणखी घट्ट केली. ज्या रुंद, झाडांच्या रस्त्यावरून आज संध्याकाळी सगळं शहर फिरायला निघतं, तो आताचा हार्नेट मार्ग तेव्हा मुसोलिनीच्या नावाचा होता. ज्यांनी भिंतींचे दगड घडवले, विटा वाहिल्या, त्यांना त्या भागात मोकळेपणी वावरण्याची मुभा नव्हती. उत्तरेला अबाशावेल वस्तीत ती माणसं दाटीवाटीने राहत होती. पाणी, गटार, फरसबंदी यांचा खर्च झाला तो दक्षिणेकडे.

मग का जपायचं? 'वास्तू सुंदर आहेत म्हणून' एवढं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. 'गुलामीची निशाणी आहे, पाडा' हेही पटत नाही, कारण तो निर्णय इरिट्रियन लोकांनी स्वतःच केव्हाच करून टाकला आहे आणि तो पाडण्याचा नाही. 1941 मध्ये इटालियन राज्य संपलं. त्यानंतर ब्रिटिश लष्करी प्रशासन आलं, 1952 मध्ये इथिओपियाशी संघराज्य झालं, 1962 मध्ये सामीलीकरण झालं, आणि 1961 पासून 1991 पर्यंत स्वातंत्र्ययुद्ध चाललं. या सगळ्या काळात ही घरं वापरात होती. इटालियनांनी ही घरं सहा वर्षं वापरली असतील, तर इरिट्रियन कुटुंबांनी त्याच्या दहा-बारा पट काळ वापरली आहेत. फॅसिस्ट पक्षाच्या कचेरीत आज शिक्षण मंत्रालय आहे. साम्राज्याच्या विजयाचं नाव मिरवणारं 'इम्पेरो' हे तिथल्या लोकांचं सिनेमागृह आहे. ज्या रस्त्यावर आजोबांना मज्जाव होता, त्याच रस्त्यावर नातू माकियातो कॉफी पीत बसतो. याला मी ताबा घेणं म्हणतो, आणि असा ताबा घेतलेली वास्तू जपणं म्हणजे वसाहतवाद्यांचा गौरव करणं नव्हे.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते, म्हणून सांगतो. अस्मारा शाबूत राहिली त्याचं एक कारण केरेनची लढाई. अस्मारापासून वायव्येला डोंगरांच्या खिंडीत फेब्रुवारी-मार्च 1941 मध्ये ही लढाई झाली. चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन तिथे लढल्या, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन त्यांत होती. मार्चमध्ये 'फ्लॅट टॉप' नावाची टेकडी त्या बटालियनने चढून घेतली. केरेन पडल्यावर इटालियन सैन्यात शहरासाठी लढण्याची ताकद उरली नाही आणि 1 एप्रिलला अस्मारा गोळीबाराविना हाती आली. केरेनच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आजही आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांतून गेलेली माणसं त्या डोंगरांवर पडली आहेत. अस्मारा हा आपल्यासाठी अगदीच परका विषय नाही तो यासाठी. पुढे 1991 मध्येही शहर मोठ्या विध्वंसातून वाचलं. मसावा बंदराच्या वाट्याला मात्र 1990 मध्ये बॉम्बहल्ले आले, आणि तिथल्या जुन्या वास्तूंची हानी आजही डोळ्यांना दिसते.

आता कामाचं बोलू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण परिषदांमध्ये यावर सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

मुंबईत जुन्या बाल्कनीवर हातोडीने हलके ठोकत गेलं की आवाज बदलतो. भरीव आवाज येता येता मध्येच पोकळ येतो. तिथला पोपडा काढला की आत तांबूस फुगलेली सळई असते. काँक्रीटचा ताजा तुकडा तोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण शिंपडलं, की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याचा अल्कधर्म मारला आहे, ते रंगहीन राहतं. ही रंगहीन पट्टी सळईपर्यंत पोचली, की सळईचं संरक्षण संपलं. त्या काळात सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम ठेवत, त्यामुळे इतक्या वर्षांत ती पट्टी बहुतेक ठिकाणी सळई ओलांडून आत गेलेली असते. मुंबईचं उत्तर मग कठोर असतं. खारी हवा, चार महिने पाऊस, त्यामुळे फोडा, सळई साफ करा, नवी जोडा, पुन्हा भरा.

हेच उत्तर अस्मारात जसंच्या तसं नेलं तर इमारतीचं नुकसान होईल. तिथली हवा कोरडी आहे, वर्षाचा पाऊस साधारण 500 मिलिमीटर, तोही मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, आणि समुद्र डोंगराखाली लांब आहे. अल्कधर्म तिथेही संपतो, किंबहुना मध्यम दमटपणाच्या हवेत ही क्रिया भरभर होते. पण सळई गंजायला नुसता अल्कधर्म संपून भागत नाही, ओल लागते. कोरड्या काँक्रीटमध्ये संरक्षण गमावलेली सळईसुद्धा दशकानुदशकं गप्प पडून राहू शकते. म्हणून अशा हवेत द्रावणाने गुलाबी रंग दाखवला नाही म्हणून लगेच छिन्नी चालवायची नसते. आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. पाणी थांबलं की आजार बहुतांशी थांबतो, आणि मूळ काँक्रीट, मूळ गिलावा, मूळ कडा जागच्या जागी राहतात. संवर्धनात याहून मोठा लाभ दुसरा नाही.

पाणी येतं कुठून? अस्माराच्या पुष्कळ इमारती रस्त्यावरून पाहिल्या तर सपाट माथ्याच्या, चौकोनी, आधुनिक दिसतात. वर चढलात तर समोरच्या उंच कठड्यामागे उतरतं पत्र्याचं छप्पर असतं. पोलाद महाग होतं, इटलीवर राष्ट्रसंघाचे निर्बंध आले होते, आणि स्थानिक दगड-वीट हाताशी होती. त्यामुळे दगडविटांच्या भिंती, मोजक्या जागी काँक्रीट आणि वर पत्रा अशी सांगड घातली गेली. त्या पत्र्याचं सगळं पाणी कठड्याच्या पाठीशी असलेल्या अरुंद पन्हळीत येतं. पन्हळीत पानं, धूळ, पक्ष्यांची घरटी साचली, की जुलैतला पहिला जोराचा पाऊस कठड्यात मुरतो आणि दर्शनी भिंतीच्या वरच्या हातभर पट्ट्यात ओलीचा नकाशा उमटतो. खालून पाहणारा म्हणतो, रंग उडाला, रंगवून घ्या. मग वरून प्लास्टिक पेंट चढतो. भिंत श्वास घेऊ शकत नाही, ओल आतच कोंडते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा थाळ्यांएवढ्या पोपड्यांनी सुटू लागतो. जिथे भिंतीत चुन्याचा गिलावा आहे, तिथे कडक सिमेंटचा थर चढवणं हीसुद्धा हीच चूक.

म्हणून माझ्या हाती अशा शहराचं अंदाजपत्रक दिलं, तर पहिलं कलम असं असेल : पावसाळ्याआधी प्रत्येक इमारतीची पन्हळ आणि पाणी उतरण्याचे नळ साफ करणारी माणसं, शिड्या आणि नोंदवही. हे काम छायाचित्रात येत नाही. देणगीदारांची पाटी लावायला त्यात जागा नसते. पण एका सिनेमागृहाच्या गाजावाजाने केलेल्या पुनरुज्जीवनाच्या पैशांत शेकडो घरांच्या पन्हळी कितीतरी वर्षं निगेत राहतील.

'फियात तालिएरो'चंच उदाहरण घ्या, कारण ते सगळ्यांना आवडतं. मधल्या मनोऱ्यापासून दोन्ही बाजूंना साधारण पंधरा-पंधरा मीटरचे काँक्रीटचे पंख हवेत निघाले आहेत, खाली एकही खांब नाही. नगरपालिकेचा विश्वास बसेना म्हणून नकाशात लाकडी टेकू दाखवले होते. उद्घाटनाच्या दिवशी पेत्तात्सीने ठेकेदारावर पिस्तूल रोखून ते काढायला लावले, अशी कथा सांगतात. कथा रंगतदार आहे, पण मला तिथे वेगळीच गोष्ट दिसते. असा पंख वाकतो तेव्हा ताण वरच्या बाजूला असतो, म्हणून त्याच्या जीवनमरणाच्या सळया वरच्या पृष्ठभागाशी असतात, म्हणजे नेमक्या तिथे जिथे पावसाचं पाणी साचतं. खालून पंख गुळगुळीत, रंगवलेला, देखणा दिसत असताना वरची सळई खंगत असू शकते. आणि गळती थांबवायची म्हणून वर डांबराचा किंवा कोब्याचा थर, मग त्यावर दुसरा थर, असं करत गेलं तर त्या पंखाने वाहायचं वजन वाढत जातं. मुंबईत लांब छज्जे याच 'दुरुस्ती'पायी कोसळताना मी पाहिले आहेत. अशा घटकावर नवा थर चढवण्याआधी जुने सगळे थर काढायचे, उतार तपासायचा आणि टोक किती खाली आलं आहे ते दरवर्षी एकाच खुणेवरून मोजायचं.

खिडक्यांबद्दल एवढंच : जुन्या पोलादी चौकटी काढून ॲल्युमिनियमच्या बसवणं हा सगळीकडचा रोग आहे. त्या बारीक चौकटींमुळेच दर्शनी भागाला त्याची रेघ मिळालेली असते, आणि त्या घासून, तेल देऊन, काच बदलून आणखी पन्नास वर्षं चालतात.

यावरून कारागिरांचा मुद्दा येतो. अस्मारात मेदेबर नावाचा बाजार आहे. जुन्या तेलपिंपांपासून शेगड्या, टायरांपासून चपला, भंगार लोखंडापासून दारं, खाटा, अवजारं, असं सगळं तिथे ठोकून-वाकवून नवं केलं जातं. फाटकातून आत शिरलं की हातोड्यांच्या आवाजाने शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पोलादी खिडकीचा बिजागर दुरुस्त करणारा माणूस त्या शहरात आहे तो इथे. युरोपातून सल्लागार आणून, आयात केलेलं रसायन टोचून जे काम होतं, ते सल्लागार परतल्यावर कुणालाच पुढे नेता येत नाही. मेदेबरच्या लोहाराला चौकटीचं माप आणि थोडं प्रशिक्षण दिलं, तर ते काम शहरात राहतं. अडचण खरी आहे ती अशी की लांबलेल्या राष्ट्रीय सेवेमुळे आणि परिस्थितीमुळे तरुण माणसं मोठ्या संख्येने देश सोडून गेली आहेत. हात नाहीत तर हस्तांतर कोणाकडे करायचं, हा प्रश्न तिथल्या वास्तुकारांना दिवसरात्र छळतो.

तिथल्या लोकांनी केलेलं काम मात्र मनापासून दाद द्यावी असं आहे. 1990 च्या दशकात उंच नव्या इमारतींनी जुन्या भागाचा तोल बिघडू लागला, तेव्हा शहरातूनच विरोध उभा राहिला. नैगझी गेब्रेमेधिन यांच्या पुढाकाराखाली जागतिक बँकेच्या साहाय्याने सांस्कृतिक ठेव्याच्या पुनर्वसनाचा प्रकल्प चालला, आणि 2001 मध्ये ऐतिहासिक भागाची हद्द आखून तिथे नव्या बांधकामाला लगाम घातला गेला. 2014 मध्ये 'अस्मारा हेरिटेज प्रोजेक्ट' सुरू झाला. मेधानी तेक्लेमारियाम आणि त्यांच्या चमूने घरोघरी जाऊन मोजमापं घेतली, महापालिकेच्या जुन्या दप्तरातले मूळ नकाशे ताडून पाहिले. जागतिक वारशाच्या अर्जामागच्या या संशोधनाला 2016 मध्ये ब्रिटनच्या वास्तुकारांच्या संस्थेचं, म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सचं, संशोधनासाठीचं अध्यक्षीय पदक मिळालं. पुढच्या वर्षी पोलंडमधल्या क्राकूव्हला झालेल्या युनेस्कोच्या बैठकीत जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. इरिट्रियाचं ते पहिलं जागतिक वारसास्थळ. आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहाची नोंद त्यानंतर वर्षभराने, 2018 मध्ये झाली, हेही लक्षात असू द्या. आर्थिक बळ आपल्याकडे कितीतरी जास्त असूनही प्रत्येक इमारतीच्या दप्तराच्या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

त्या नोंदीत एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वारशाच्या हद्दीत फक्त इटालियन आखणीचा भाग नाही. अर्बाते अस्मेरा आणि अबाशावेल या आखणीबाहेरच्या स्थानिक वस्त्याही तिच्यात आहेत. शहर दोन भागांत कापलेलं होतं, हे या नोंदीने झाकलं नाही. आता खरी परीक्षा पैशांच्या वाटपात आहे. अबाशावेलमध्ये वारसा म्हणून जपायचं ते काय? तिथे वक्र कोपरे, जहाजाच्या खिडक्या नाहीत. अरुंद बोळ, अंगणं, पत्र्याची घरं आहेत, आणि पाण्याची, गटाराची टंचाई आहे. तिथे नळ आणि मलनि:सारण आणणं हे माझ्या मते संवर्धनाचंच काम आहे. बोळांची रचना न मोडता ते करता येतं, फक्त रस्ता रुंद करून बुलडोझर घालण्यापेक्षा त्याला जास्त डोकं आणि जास्त वेळ लागतो. उद्या हार्नेट मार्ग चकचकीत झाला आणि अबाशावेल होती तशीच राहिली, तर काव्हान्यारीचा नकाशा आपण आपल्या हातांनी पुन्हा गिरवला असं होईल.

मालकीचाही गुंता आहे. 1975 मध्ये इथिओपियातल्या 'दर्ग' या लष्करी राजवटीने शहरी जमीन आणि स्वतःच्या घरापलीकडची जादा घरं सरकारजमा केली, आणि अस्मारा तेव्हा त्याच राज्यात होती. राहणारा एक आणि मालक दुसरा झाला की पन्हळ कोणी साफ करायची, यावर वर्षानुवर्षं काहीच होत नाही. गिरगाव-दादरच्या पागडीच्या इमारतींत हा खेळ आपण 1947 च्या भाडेकायद्यापासून पाहतो आहोत. शिवाय इरिट्रिया सरकारने 2006 मध्ये खाजगी बांधकाम थांबवलं. त्याने जुन्या इमारती पाडल्या गेल्या नाहीत हे खरं, पण त्याच कारणाने दुरुस्तीचा धंदा, मालाचा पुरवठा, ठेकेदारांची फळीही आटली. गरिबीने आणि निर्बंधांनी गोठलेल्या शहराला 'जपलेलं शहर' म्हणणं मला मान्य नाही. दारं उघडतील, पैसा येईल, तेव्हा पहिल्या दहा वर्षांतच खरा धोका आहे. तोवर राहणाऱ्याला घराचा टिकाऊ हक्क, दुरुस्तीसाठी छोटं कर्ज आणि परवानगी देणारी एकच खिडकी एवढं उभं राहिलं पाहिजे.

तुम्ही प्रबंधासाठी अस्मारा घेणार असाल, तर 'इम्पेरो' आणि 'फियात तालिएरो' सोडून द्या, त्यांच्यावर भरपूर काम झालं आहे. त्याऐवजी 1938 चं एन्दा मारियाम कॅथेड्रल बघा. दगड आणि विटांच्या आडव्या पट्ट्यांतून तिथे त्या पठाराची जुनी बांधकामरीत आधुनिक रचनेत आली आहे, आणि कोणी कोणाकडून काय घेतलं याचा अभ्यास तिथे नीट करता येईल. किंवा बाजारापासून अबाशावेलपर्यंतचा एकच रस्ता निवडा. त्यावरच्या प्रत्येक घराचं छप्पर, पन्हळ, पाण्याची टाकी, राहणारं कुटुंब आणि त्यांनी स्वतः केलेली दुरुस्ती नोंदवा. कोणत्या महिन्यात भिंत ओली होते हे घरातल्या बाईला विचारा, ते तिला अचूक माहीत असतं. ती नोंद घेऊन या, आपण बसून अंदाजपत्रक करू.